पाठीला आधार हवा की मांड्यांना जागा?

पिंपरी-चिंचवडमधील एका वाचकाच्या पत्राचा सारांश: वय ६३, उंची ५ फूट ६ इंच. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त. रो-हाउसच्या पार्किंगमध्ये, गाडीशेजारी, त्यांनी स्वतःसाठी कामाचं टेबल उभारलं आहे. लोखंडी अँगलचा सांगाडा आणि वर जुन्या सागवानी दाराची फळी. उंची ३६ इंच. पुढच्या बाजूला हत्यारांचा रुंद खण, त्याचा तळ जमिनीपासून ३० इंचांवर. उजव्या टोकाला बेंच व्हाइस, म्हणजे नग जबड्यांत घट्ट धरणारा शिकंजा. दुपारी तीन-चार तास ते तिथे रमतात. भिंतीवरची जुनी घड्याळं, रेडिओ, शेजाऱ्यांचे मिक्सर, अधूनमधून लाकडाचं काम. बसायला फर्निचरच्या दुकानातून आणलेलं ३० इंच उंचीचं, पाठ नसलेलं बार स्टूल आहे. तासाभरात कंबर धरते, पाय जड होऊन मुंग्या येतात. डॉक्टरांनी तपासून दुखणं स्नायूंचं असल्याचं सांगितलं आहे. आता त्यांनी त्याच उंचीचं, गादीचं, उंच पाठीचं स्टूल नऊ हजारांना बघून ठेवलं आहे. बंगळूरचा मुलगा म्हणतो, गेमिंग चेअर घ्या. पत्नीचं मत, घरात सहा खुर्च्या आहेत, टेबलाचे पाय कापा आणि त्यांतली एक वापरा. वाचकांचा प्रश्न: उंच पाठीचं आरामदायी स्टूल कोणतं घ्यावं, आणि या वयात स्वतःच्या छंदापायी एवढा खर्च करावा का?

नमस्कार.

पाठदुखीच्या पत्रांत बहुतेकदा तक्रार असते, मापं नसतात. तुमच्या पत्रात टेबलाची उंची आहे, खणाचा तळ आहे, स्टुलाचं माप आहे, स्वतःची उंचीसुद्धा आहे. टूलरूमची सवय, दुसरं काय! त्यामुळे माझं काम निम्मं झालं. आणि एक गोष्ट लगेच दिसली, ती आधीच सांगून टाकते. जे स्टूल तुम्ही घ्यायला निघाला आहात ते घेतलंत तरी कंबर आत्ता दुखते तशीच दुखेल, वर नऊ हजार गेलेले असतील.

तुमचा हिशेब सरळ आहे. पाठ दुखते म्हणून आधार हवा, आणि जास्त दुखते म्हणून उंच आधार हवा. पण कामाला बसल्यावर काय होतं ते आठवून बघा. घड्याळाचं यंत्र पुढ्यात उघडलेलं, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. अशा वेळी तुमची पाठ मागच्या आधारापासून वीतभर तरी पुढे असते. मागे सिंहासन लावलं तरी ते पाठीला टेकणार नाही. आधार कामी येतो तो हातातलं काम थांबवून मागे रेलल्यावर. तेव्हा आधी हे बघू की तुम्हाला एवढं पुढे वाकावं का लागतं.

खणाचा तळ ३० इंचांवर आणि स्टुलाची बैठक ३० इंचांवर. म्हणजे तुमच्या मांड्या खणाखाली जातच नाहीत. गुडघे खणाला आपटतात, म्हणून तुम्ही स्टूल मागे ओढता; स्टूल मागे गेलं की काम लांब जातं आणि ते गाठायला कमरेतून झुकता. शिवाय बैठकीपासून टेबल जेमतेम ६ इंच वर, म्हणजे काम जवळजवळ मांडीच्या पातळीवर. मान खाली, खांदे पुढे, कंबर गोल. तीन-चार तास असं बसल्यावर विशीतल्या पोराचीही कंबर धरेल.

बार स्टुलाची ३० इंच उंची आली कुठून, तर ४०-४२ इंच उंच काउंटरसाठी. तिथे कोपर टेकून माणूस गप्पा मारतो. ३६ इंचांच्या टेबलासाठी ती उंची कधीच नव्हती. दुकानदार हे सांगत नाही, कारण तो स्टूल विकतो आणि तुमचं टेबल त्यानं पाहिलेलं नसतं.

वाकून बसण्याचा कमरेवर काय परिणाम होतो हे स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकापासून माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष मोजलं होतं. नंतर इतरांनीही मोजलं. काही आकड्यांवर मतभेद राहिले, पण पुढे वाकून बसल्यावर चकतीवरचा दाब ताठ उभं राहण्यापेक्षा जास्त असतो आणि मागे रेलून टेकल्यावर तो उतरतो, यावर एकमत आहे. 'बसलो म्हणजे कमरेला विश्रांती' हे आपण धरूनच चालतो. वाकून बसणाऱ्याला ते लागू नाही.

आता वहिनींच्या सूचनेकडे येते. टेबलाचे पाय कापू नका, कारण तुमचं टेबल उभ्यानं काम करायला अगदी बरोबर उंचीचं आहे. फिटरला पहिल्या महिन्यात शिकवतात ते तुम्हाला मी सांगायला नको: व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीला. तुमच्या उंचीच्या माणसाचं कोपर उभ्यानं साधारण ४१-४२ इंचांवर येतं. ३६ इंचांचं टेबल, त्यावर सहाएक इंचांचा व्हाइस, माप जुळलं. टेबल बांधताना तुम्ही हे नकळत नव्हे, हाताच्या सवयीनं केलंय. ते कापून ३० इंचांवर आणलं तर खुर्ची जुळेल, पण कानस चालवताना दर वेळी कंबरेत मोडावं लागेल.

यातून एक नियम आपोआप निघतो आणि तो स्टुलाच्या निवडीइतकाच मोलाचा आहे. कानस, करवत, रंधा, पटाशी ही कामं उभ्यानंच. बसलात की तेच जबडे तुमच्या कोपरापेक्षा सात-आठ इंच वर जातात, खांदे उचलून घासावं लागतं आणि अंगाचा जोरही लागत नाही. ग्राइंडरवर तर बसून काम करूच नका. चाक फुटलं किंवा नग उडाला तर उभा माणूस बाजूला होतो, स्टुलावरचा होत नाही. बसायचं ते घड्याळ, डाग देणं (सोल्डरिंग), वायरिंग, स्क्रू-नटांची बारीक जुळणी एवढ्यासाठी. तुमच्या तीन-चार तासांपैकी किती वेळ खरोखर बसून करण्याचा आहे, हे एक-दोन दिवस पाहा. मला वाटतं, तुम्ही धरताय त्यापेक्षा तो बराच कमी निघेल.

मग बैठक किती उंच हवी? बसलेल्या माणसाचं कोपर बैठकीपासून साधारण ९ इंच वर असतं. बारीक काम कोपराच्या किंचित वर, म्हणजे एक ते तीन इंच वर आलेलं चांगलं. त्यावरून बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत १० ते १२ इंचांचं अंतर निघतं. तुमच्या टेबलासाठी बैठक २४ ते २६ इंच. तुमच्या सध्याच्या स्टुलापेक्षा चार ते सहा इंच खाली! पण बसलेल्या मांडीची जाडी सहाएक इंच धरा, वर हलायला इंचभर मोकळीक. खणाचा तळ ३० इंचांवर असेल तर बैठक २३ इंचांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून मधला खण काढावा लागेल. तो डाव्या बाजूला सरकवा, नाहीतर त्याच्या जागी दोन अरुंद खण कडेला बसवा. समोर दोन फूट रुंदीची मोकळी जागा मिळाली की झालं. हत्यारं उचलायला हात जरा लांब जाईल, जाऊ दे.

माझ्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पैसे टाकण्याआधी जेवणाच्या टेबलावर करून बघा. नेहमीच्या खुर्चीवर नीट टेकून बसा, पाय जमिनीवर सपाट. समोर जुन्या दिवाळी अंकांची चळत ठेवा आणि त्यावर एखादं उघडलेलं घड्याळ. अर्धा तास खरंच काम करा. खांदे उचलले जात असतील तर अंक काढा, मान वाकत असेल तर चढवा. जिथे दोन्ही नीट वाटेल तिथे खुर्चीच्या बैठकीपासून अंकांच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. ३६ मधून ते वजा केलं की तुमच्या स्टुलाची उंची मिळते. गादीची खुर्ची असेल तर बसल्यावर ती दबते तेवढं माप वळतं करा.

घड्याळजीचं टेबल कधी निरखून पाहिलंय? खुर्ची साधीच असते, पण टेबल जवळजवळ छातीला लागतं. दोन्ही कोपरं टेकलेली, आणि काम डोळ्यांपर्यंत वर आणलेलं. तुम्हालाही घड्याळासाठी टेबलावर तीन-चार इंच उंचीचा लाकडी ठोकळा ठेवता येईल. स्वयंपाकघरातला जुना पाट त्याला चालतो. रेडिओ-मिक्सरला तो बाजूला सारायचा.

आणि उजेड! पत्रात दिव्याचा उल्लेख नाही. पार्किंगमध्ये वर एखादी ट्यूब असेल आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसत असाल, तर स्वतःच्याच सावलीत काम करताय. साठीनंतर डोळ्यांना जास्त प्रकाश लागतो आणि तो मिळाला नाही की मान पुढे जाते. वाकणाऱ्या मानेचा दिवा डाव्या बाजूनं लावा. चष्मा दोन नंबरांचा (बायफोकल) असेल तर टेबलावरच्या कामाचं अंतर डोळ्यांच्या डॉक्टरांना मोजून सांगा आणि तेवढ्यासाठी वेगळा साधा चष्मा करून घ्या. कमरेच्या दुखण्याला चष्म्याचा सल्ला विचित्र वाटेल, पण नऊ हजारांतले काही तिथे गेले तर मला जास्त आनंद होईल.

पायांना मुंग्या येतात त्याचं कारण बहुधा लोंबकळणं. ३० इंचांच्या बैठकीवर पाय अधांतरी राहतात, त्यांचं सगळं वजन मांडीच्या मागच्या बाजूनं स्टुलाच्या कडेवर पडतं. बैठक २५ इंचांवर आली तरी तुमची टाच जमिनीला टेकणार नाही, कारण गुडघ्याखालचा पाय चपलेसकट १७ इंचांच्या आसपास असतो. उरलेल्या आठ इंचांसाठी पाय ठेवायला काहीतरी हवंच. स्टुलाला कडं असतं ते चालतं, पण त्यावर पाय दुमडून मागे ठेवावे लागतात. त्यापेक्षा टेबलाच्याच सांगाड्याला आडवा पाइप किंवा तिरकी फळी बसवा, म्हणजे पाय पुढेही पसरता येतील. तात्पुरतं एखादं खोकं किंवा चौरंगही चालेल. देवघरातला मात्र नको, नाहीतर कंबर बरी होईल आणि घरात वेगळंच दुखणं सुरू होईल.

इतकं झालं की मग पाठीचा विषय. पाठ हवी, तुमची इच्छा चुकीची नाही. डाग थंड होईपर्यंत, फेविकॉल धरेपर्यंत, चहा येईपर्यंत रेलायला आधार पाहिजेच. पण तो खांद्यांपर्यंत कशाला? कमरेचा जो खोलगट भाग आहे, बैठकीपासून साधारण सहा ते नऊ इंच वर, तिथे आधार मिळाला की काम झालं. त्याहून उंच पाठ टेबलाशी काम करताना कोपरांच्या आड येते, बाजूला वळून हत्यार घेताना खांद्याला लागते. आणि उंच स्टुलाची पाठ जितकी उंच, तितकं रेलल्यावर वजन मागे आणि वर जातं. स्टूल मागे कलंडण्याचा धोका वाढतो. जमिनीवरच्या खुर्चीत हे चालून जातं. दोन फूट वरून फरशीवर मागे पडणं ६३ व्या वर्षी परवडणारं नाही. पाठ असलेल्या कोणत्याही स्टुलाचे मागचे पाय पाठीच्याही मागे गेलेले असायला हवेत, हे दुकानात वाकून बघा. चौकशी करायची लाज वाटू देऊ नका.

चाकांचंही तेच. पार्किंगच्या फरशीला पाणी जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो, त्यावर चाकांचं स्टूल आपल्या मर्जीनं चालू लागतं. शिवाय लोखंडाचा कीस आणि भुसा चाकांत अडकतो. चाकांच्या जागी बसणारी स्थिर बुटं मिळतात, ती लावून घ्या. बैठकीला कापड नको, भुसा आणि तेल पितं. जाळीची पाठ ठिणगीनं वितळते. मऊ चामड्यासारखं दिसणारं ते पीयूचं आवरण आपल्या पावसाळ्यात काही वर्षांत पापुद्रे सोडतं, उघड्या पार्किंगमध्ये तर लवकरच. जाड साधं रेक्झिन किंवा कारखान्यांत असते तशी साच्यातली घट्ट फोमची बैठक बरी. पुढची कड खाली वळलेली हवी, आणि टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जाण्याइतकी जागा उरली पाहिजे. फार मऊ गादीला भुलू नका. दुकानात पाच मिनिटं सुखावते, तासाभरानं तळाची फळी लागते.

मुलानं सुचवलेली गेमिंग चेअर तुमच्या टेबलाला बुटकी पडेल आणि तिचे हात टेबलाखाली अडतील. त्याची काळजी खरी आहे, त्याला तसं सांगा. ड्राफ्टिंग चेअर शोध म्हणावं. हिला उंच गॅस सिलिंडर, पाय ठेवायला वर-खाली होणारं कडं आणि पाच पायांचा पसरट तळ असतो. घेताना बैठकीची सर्वांत खालची उंची विचारा. ती २६ च्या वर असेल तर सोडून द्या. ऑफिसं रिकामी होतात तेव्हा जुन्या फर्निचरवाल्यांकडे अशा खुर्च्या येतात. दहा मिनिटं बसून राहा. हळूहळू खाली जाऊ लागली तर सिलिंडर गेलेला आहे. तो बदलून मिळतो. पण हौस म्हणून तो कापायचा किंवा उघडायचा नाही. आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

पण खरं सांगू? तुमच्या जागी असते तर मी विकत घेतलं नसतं. भोसरीच्या आसपास इतके फॅब्रिकेटर आहेत आणि तुम्ही जन्मभर ड्रॉइंग वाचलेले. एक इंची चौकोनी पाइप, चारही पाय खाली बाहेर फाकलेले, तळाला दीड फूट तरी पसारा. बैठक १५ इंच चौरस, १८ मिलिमीटरच्या प्लायवर दीड-दोन इंचांचा घट्ट फोम आणि रेक्झिन. कमरेशी वाकवलेली आडवी पट्टी, तिच्यावर तसंच आवरण. खाली रबरी बुटं. उंची बदलती हवी असेल तर जुन्या दवाखान्यांतल्या स्टुलासारखा आट्यांचा दांडा घाला, पण मग तळ आणखी पसरट ठेवा. या सगळ्याला नऊ हजार लागू नयेत. तरीही दोन ठिकाणी दर काढून पाहा.

खर्चाच्या प्रश्नावर मी मुद्दाम उशिरा आले. पत्रात तुम्ही 'या वयात', 'उगाच', 'छंदच तो' असं बरंच लिहिलंय. चाळीसएक वर्षं कारखान्यानं दिलेल्या जागेवर उभं राहून काम केलेल्या माणसाला स्वतःच्या टेबलाशी नीट बसायला जागा हवी वाटली, यात कसलं उगाच? वहिनींचा विरोध पैशाला आहे की दुपारभर तुम्ही खाली असता त्याला, हे एकदा त्यांना विचारा. दुसरं कारण असेल तर स्टुलापेक्षा एक जास्तीची खुर्ची खाली नेणं स्वस्त पडेल. सहा आहेतच.

तब्येतीबद्दल एवढंच. उठून चालल्यावर मुंग्या पाच-दहा मिनिटांत जात असतील तर वरचे उपाय पुरतील. पण एकाच पायात वरून खाली कळ उतरत असेल, पायाची ताकद कमी वाटत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. बधिरपणा मांड्यांच्या मधल्या भागात आला किंवा लघवी-शौचावर ताबा राहिनासा झाला, तर मात्र त्याच दिवशी, थेट हॉस्पिटलमध्ये. बाकी कितीही चांगलं बसलात तरी अर्ध्या तासानं उठायचं. व्हाइसचं काम मध्ये मध्ये विभागून ठेवलंत तर वेगळं आठवावंही लागणार नाही.

अशीच अडचण असलेल्या इतरांसाठी थोडं. स्वयंपाकाच्या ओट्याशी बसायला स्टूल हवं, असं अनेक जणी कळवतात. ओट्याखाली कपाटं असतील तर कोणत्याही स्टुलावर गुडघे बाहेरच राहतील आणि तुम्ही वाकालच. एका कपाटाची दारं आणि खालची फळी काढून जागा करा, मग स्टुलाचं माप घ्या: ओटा वजा दहा ते बारा इंच. गच्चीवरच्या खोलीत किंवा बाल्कनीत डागकाम करणाऱ्या मुलांचं टेबल सहसा ३० इंचांचंच असतं. त्यांना स्टूल नकोच, साधी खुर्ची आणि वर आणलेलं काम पुरे.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या रविवारी खण काढा. दिवाळी अंकांचा प्रयोग करून माप काढा. मग फॅब्रिकेटरकडे जा आणि पाय ठरलेल्या मापापेक्षा इंचभर लांबच ठेवायला सांगा. आठवडाभर त्यावर बसून काम करा, आणि वाटलं तर चारही पाय सारखे कापून घ्या. बुटं त्यानंतर बसवा.